कंपनीची रेंज, घाटाची रेंज आणि सासरेबुवांचं मत

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो, की इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचा (एका चार्जिंगमध्ये किती पळते त्याचा) आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची, दोन इंच वाढवूनच सांगितलेली. त्यावर एवढी पत्रं नि मेसेज आले की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. टायर आणि विम्याचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बॅटरीचं माप मी 'युनिट'मध्ये लिहिणार आहे, लाईटबिलावर असतं तेच युनिट. कंपनी ४५ किलोवॅट-अवर म्हणते ते आपले ४५ युनिट, बस.

प्रश्न : सर, माझ्या गाडीचा कंपनीचा आकडा पाचशेच्या वर आहे. दर आठवड्याला कोथरूड-ठाणे-कोथरूड करतो, पण सव्वातीनशेच्या पुढे गाडी कधी गेलीच नाही. शोरूमवाला म्हणतो तुमचा पाय जड आहे. ही सरळ फसवणूक नाही का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पाय जड असेलही, पण तेवढ्याने दोनशे किलोमीटर गायब होत नाहीत. गंमत बघा, असे आकडे जिथे काढतात ती एआरएआय तुमच्या घरामागेच आहे, वेताळ टेकडीवर. १९६६ पासूनची संस्था, तिथे बिबट्या दिसला की पेपरात फोटो येतो म्हणून बऱ्याच जणांना ती माहिती, काम काय करते ते कमी लोकांना माहिती. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत, रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवतात. तक्त्याचे दोन भाग असतात. पहिला शहरी, त्यात वेग ५० च्या वर जात नाही. दुसरा शहराबाहेरचा, त्यात जास्तीत जास्त ९०, तोही थोडाच वेळ. एसी बंद, चढ नाही, मागे बसून 'अजून किती लांब' विचारणारी पोरं नाहीत.

आता एकाच गाडीचे तीन आकडे सांगतो. टाटा कर्व्हची ५५ युनिटची इलेक्ट्रिक गाडी २०२४ ला आली तेव्हा जाहिरातीत ५८५ किलोमीटर होतं, नुसत्या शहरी भागावरचं. तक्त्याचे दोन्ही भाग धरले की तीच गाडी ५०२. आणि कंपनी स्वतःच 'प्रत्यक्षात बहुतेकांना मिळेल' म्हणून सांगते तो आकडा ४०० ते ४२५. म्हणजे खोटं कुणी बोललं नाही, फक्त मोठा आकडा मोठ्या अक्षरात छापला आणि छोटा छोट्या. गाडी घेताना मी शोरूममध्ये हा तिसरा आकडाच मागतो, तो सांगायला सेल्समन खळखळ करायला लागला की मला बरंच काही कळतं.

तुमचा प्रॉब्लेम त्याच्याही पुढचा आहे, एक्स्प्रेसवे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात की वेग वाढला पाव पट पण हवा दीडपटीहून जास्त जोर लावून मागे ढकलते. म्हणून शहरात एका युनिटला सात-साडेसात किलोमीटर देणारी गाडी एक्स्प्रेसवेवर शंभरला लावली की सहावर येते. ५५ गुणिले ६, झाले ३३०. हा तुमचाच आकडा निघाला बघा, गाडीत बिघाड नाही.

मग पेट्रोल गाडीला हे का जाणवत नाही, असं मला बरेच जण भांडल्यासारखं विचारतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ४५ युनिटची अख्खी बॅटरी ही पाच लिटर पेट्रोलएवढी, स्कूटरची टाकी! त्या पाच लिटरात ही दीड टनाची गाडी तीनशे किलोमीटर जाते कारण मोटर जवळजवळ सगळी ऊर्जा चाकाला देते. पेट्रोल इंजिन सत्तर-पंचाहत्तर टक्के ऊर्जा उष्णता म्हणून फुकट घालवतं, त्या उधळपट्टीत हवेचा जादा खर्च दिसतच नाही. काटकसरीने चालणाऱ्या घरात पाव किलो साखर जास्त लागली तरी लक्षात येतं, तसं आहे हे.

एक्स्प्रेसवे ९४-९५ किलोमीटरचा आहे. शंभर ऐवजी ८५ ने गेलात तर हिशेबाने दहा मिनिटं जास्त लागतात, घाटात तर तसाही सगळ्यांचा वेग ट्रकच ठरवतात. दहा मिनिटं द्या, चाळीस-पन्नास किलोमीटर घ्या. नाहीतर शंभरनेच जा आणि फूडमॉलला वडापाव खाईपर्यंत चार्जिंग लावा, तेही चालतं, पण मग रेंजवर चिडू नका.

प्रश्न : दादा, माझं माहेर दापोलीचं. गणपतीत चौघं आणि डिकीभर सामान घेऊन ताम्हिणीतून जातो. ह्यांचं म्हणणं, इलेक्ट्रिक गाडी घाटात बसेल आणि आपण आरतीला पोचणार नाही. खरं काय? (सहकारनगर)

उत्तर : ताई, घाटाची भीती मलाही होती, मग एकदा शाळेतलं गणित काढून बसलो. वजन गुणिले उंची, बाकी काही नाही. माणसं-सामान धरून गाडी १८०० किलो धरा, समुद्रसपाटीपासून घाटमाथा साधारण ६०० मीटर धरा. एवढं वजन एवढं वर उचलायला लागतात फक्त तीन युनिट, मोटरचं नुकसान धरून सव्वातीन. म्हणजे येताना अख्खा सह्याद्री चढायचा खर्च वीस-पंचवीस किलोमीटरची रेंज. आणि जाताना उतारावर मोटर उलटी फिरून जनरेटर होते, त्यातले दोन-एक युनिट परत बॅटरीत. ब्रेकही तापत नाहीत, हा वेगळा फायदा.

लोक घाबरतात ते डॅशबोर्डला. चढावर पाच किलोमीटरात रेंज तीसने पडते कारण तो आकडा मागच्या काही किलोमीटरांवरून अंदाज बांधत असतो, त्याला पुढे उतार आहे हे माहीत नसतं. चढावर रेंज बघूच नका, टक्के बघा.

तुमचं एका बाजूचं अंतर पावणेदोनशे ते दोनशेच्या मधे, त्यामुळे ४० युनिटच्या पुढची कुठलीही गाडी पूर्ण चार्ज करून निघालात तर दापोलीला पोचते. खरा प्रश्न तिथे गेल्यावरचा आहे. माहेरच्या घरी १५ अँपिअरचा, वेगळ्या जाड वायरचा नि नीट अर्थिंग असलेला सॉकेट आहे का? असेल तर विषय संपला, गाडी अंगणात रात्रभर लावा, तासाला तीनेक युनिट जातात, दोन रात्रींत फुल. नसेल तर गणपतीआधी इलेक्ट्रिशियन गाठा. कोकणात चार्जर वाढतायत, पण गणपतीच्या आदल्या दिवशी एका चार्जरसमोर सहा गाड्या आणि त्यात लाईट गेलेली, हे मी माणगावच्या पुढे स्वतः भोगलंय, तीन तास मोदकाच्या सारणाचा डबा मांडीवर घेऊन. तेव्हा वाटेतल्या चार्जरच्या भरवशावर आरतीची वेळ ठरवू नका.

प्रश्न : साहेब, आमचे सासरे टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रिटायर. गाडी घ्यायची तर टाटाचीच, नाहीतर मी त्यात बसणार नाही म्हणतात, महिंद्रात चिनी माल आहे असंही ऐकवतात. मी चाकणला एका व्हेंडरकडे आहे, मला महिंद्राची बीई ६ आवडलीये. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने कोण पुढे? उत्तर जरा सांभाळून द्या, अंक घरी येतो. (चिंचवड)

उत्तर : सांभाळून देतो. सासरेबुवा, नमस्कार.

यात कोण हुशार कोण बावळट असं नाहीये, दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींवर पाणी सोडलंय. टाटांनी जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन इलेक्ट्रिक आणली तेव्हा नवीन सांगाडा केलाच नाही. पेट्रोल-डिझेल नेक्सॉनचीच बॉडी घेतली, जमिनीखाली जिथे जागा सापडली तिथे ३०.२ युनिटची बॅटरी बसवली, पुढे इंजिनच्या जागी मोटर. इंजिनिअर मंडळी याला जुगाड म्हणून नाक मुरडतात, पण त्या जुगाडानेच गाडी मध्यमवर्गाच्या बजेटमध्ये आली आणि दारं, काचा, सस्पेन्शनचे पार्ट आधीच गावोगावी मिळत होते. पुढे पंच इलेक्ट्रिकपासून त्यांनी वेगळा इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म घेतला.

महिंद्राने उलटं केलं. तसं इलेक्ट्रिकमध्ये ते जुनेच, बंगलोरची रेवा त्यांनी २०१० मध्ये घेतली होती, पण नोव्हेंबर २०२४ ला बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई दाखवल्या त्या कोऱ्या कागदावरून. खाली सपाट बॅटरी, ५९ किंवा ७९ युनिटची, मोटर मागे, मागची चाकं ओढणारी. चढावर वजन मागे सरकतं म्हणून मागच्या चाकांना पकड चांगली मिळते आणि पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात, स्टिअरिंग हलकं लागतं, वळणही लहान घेता येतं. टाटांची पुढची मोटर ब्रेकिंगच्या वेळी जरा फायद्यात, कारण ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि पुढच्या चाकांकडून वीज जास्त गोळा करता येते. रोजच्या चालवण्यात हा फरक तुम्हाला जाणवेल का, मला नाही वाटत. हॅरिअर इलेक्ट्रिकमध्ये तर टाटांनीही दोन मोटरी दिल्या, पुढे एक मागे एक, म्हणजे हा वाद त्यांनीच मिटवला.

सासरेबुवांचा 'चिनी माल' हा मुद्दा मला पत्र न वाचताच माहीत होता. महिंद्राच्या बॅटरी पॅकमध्ये बीवायडी या चिनी कंपनीचे ब्लेड (पात्यासारखे लांबट) सेल आहेत, हे खरंय. पण नेक्सॉनचा पॅक पुण्याच्या टाटा ऑटोकॉम्पचा असला तरी त्यातले सेल गोशन या चिनी कंपनीचे. सेलच्या बाबतीत दोन्ही घराण्यांचं गोत्र तिकडचंच. आणि २०१९ पासून आपण पीएमपीच्या ज्या इलेक्ट्रिक बसमध्ये बसतोय ती ओलेक्ट्रा, तिचं तंत्रज्ञानही बीवायडीकडूनच आलेलं.

त्यापेक्षा सेलची जात बघा, तो खरा महत्त्वाचा फरक. टाटा, महिंद्राच्या या नव्या गाड्या, एमजी विंडसर यांच्यात एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटचे सेल. जड असतात, तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते, पण लवकर पेट घेत नाहीत, जास्त वेळा चार्ज होऊ शकतात आणि त्यात कोबाल्ट लागत नाही. थंडीत ते आळशी होतात, पण आपल्या शिवाजीनगरच्या आठ-नऊ डिग्रीला थंडी म्हणणारे आपणच, नॉर्वेवाले हसतील. दुसरी जात एनएमसी, निकेल-मँगनीज-कोबाल्ट. ह्युंदाई कोनाने २०१९ ला ३९.२ युनिटमध्ये ४५२ किलोमीटरचा आकडा दाखवला तो या हलक्या सेलच्या जिवावर. त्याच कोनाच्या सेलमध्ये दोष निघून जगभर आग लागायच्या भीतीने गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्याही. एनएमसी म्हणजे वाईट असं यातून निघत नाही, पण चूक झाली तर एनएमसी कमी माफ करते, एवढं नक्की. पुण्याच्या उन्हाला आणि आपल्या वापराला मी एलएफपीच घेईन.

एलएफपीची एक खोड मात्र दोघांनी लक्षात ठेवा. तिचं व्होल्टेज ८० टक्क्याला आणि ३० टक्क्याला जवळजवळ सारखंच असतं, त्यामुळे आत नक्की किती शिल्लक आहे हे गाडीलाच नीट कळत नाही. आठवड्यातून एकदा १०० टक्के करावी, म्हणजे हिशेब जुळतो. कायम ८० वर थांबवणारे मोबाईलचा नियम इथे लावतात आणि मग १५ टक्के दाखवत असताना गाडी अचानक ६ वर आली म्हणून आम्हाला पत्र लिहितात.

तर घ्यायची कुठली? रोज चिंचवड-चाकण करायचं आणि महिन्यातून एकदा गावाला, तर ४५ युनिटची गाडी भरपूर झाली, ७९ युनिटचं ओझं रोज कशाला वाहायचं. सातशे-आठशे किलोमीटरचे दौरे नेहमी असतील तर मोठ्या बॅटरीला अर्थ आहे. आणि बीई ६ च्या मागच्या सीटवर सासरेबुवांना एकदा बसवून बघा, छप्पर मागे उतरतं आहे आणि काचा लहान. ते टाटासाठी अडून बसलेत की गुडघ्यासाठी, ते तिथे कळेल. टाटाचं रांजणगाव काय नि महिंद्राचं चाकण काय, दोन्हीकडून पोटं आपल्याच पोरांची भरतात.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत बिघडायला काहीच नसतं म्हणतात, मग सर्व्हिस सेंटरला एवढ्या गाड्या उभ्या का दिसतात? (हडपसर)

उत्तर : मोटर आणि मोठी बॅटरी सहसा त्रास देत नाही. त्रास देते ती जुनी ओळखीची १२ व्होल्टची बॅटरी. मोठ्या बॅटरीचं कनेक्शन जोडणारा स्विच या छोट्या बॅटरीवर चालतो, ती मेली की गाडीच्या पोटात दोनशे किलोमीटरची वीज असूनही रिमोटने दारसुद्धा उघडत नाही. माझंच झालं. तीन आठवडे गावाला गेलो, पार्किंगमध्ये डॅशकॅम चालू राहिलेला, परत आलो तर गाडी दगड. हेल्पलाइनने दोन दिवसांनी माणूस पाठवतो सांगितलं. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची मारुती आठशे आणली, वायरी लावल्या आणि माझी वीस लाखांची इलेक्ट्रिक गाडी त्या तीस वर्षांच्या पेट्रोल गाडीने जिवंत केली. काका अजून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा किस्सा सांगतात.

आणि हे आपल्याकडचंच दुखणं नाही. ह्युंदाई आयोनिक ५ ही ८०० व्होल्टवर चालणारी भारी गाडी, पण १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या तिच्या भागात दोष निघाला आणि २०२४ ला जगभर रिकॉल करावा लागला. बाकी सर्व्हिस सेंटरला उभ्या असतात त्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअर, स्क्रीन नि चार्जिंगची गन अडकणे असल्या तक्रारींच्या. गाड्या कमी बिघडतात, पण बिघडल्या की कोपऱ्यावरचा मेकॅनिक काही करू शकत नाही, लॅपटॉपवाला माणूस लागतो आणि तो माणूस सध्या कमी आहे. म्हणून रांग.

प्रश्न : २०२१ ची सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का? (वारजे)

उत्तर : आधी दोन कागद मागा. पहिला, बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून. दुसरा वॉरंटीचा. बहुतेकांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, म्हणजे तुमची २०२९ ला संपते, तेवढ्या हिशेबाने किंमत पाडा. हल्ली काही कंपन्या लाइफटाइम वॉरंटी देतात ती पहिल्या मालकापुरती, त्यावर भाळू नका.

मग बॅटरी थंड कशाने होते ते विचारा. निसानची लीफ २०१० ला आली, तिच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नव्हतं, अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उन्हात दोन वर्षांत बॅटऱ्या उतरल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याकडे नेक्सॉनला पहिल्यापासून लिक्विड कूलिंग आहे, सिट्रोएन ईसी३ ची बॅटरी हवेवर थंड होते. शहरात हळू चालवणाऱ्याला हवेचंही चालेल, पण टॅक्सीत रोज दोनदा फास्ट चार्ज झालेली हवेवरची गाडी मी फुकट दिली तरी विचार करून घेईन. एकदा १०० टक्के करून २० पर्यंत स्वतः चालवून बघा, विकणारा तेवढंही देत नसेल तर निघा तिथून.

प्रश्न : सोसायटीचे चेअरमन म्हणतात चार्जिंग पॉइंट दिला तर पार्किंगमध्ये आग लागेल. २०२२ च्या स्कूटर आगीच्या क्लिप ग्रुपवर टाकतात. (बाणेर)

उत्तर : त्या आगींनंतरच बॅटरीचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत, हे त्याच ग्रुपवर टाका. घरच्या आहे त्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत परवानगी आहे. पण चेअरमन पूर्ण चुकलेत असंही नाही, आग गाडीपेक्षा वायरिंगमधून लागायची शक्यता जास्त. साधा सॉकेट दहा-दहा तास सलग १५ अँपिअर ओढायला बनलेला नसतो, प्लग वितळतो. चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जास्त करंट गेला की पडणारा वेगळा एमसीबी, गळती पकडणारं आरसीसीबी, चांगलं अर्थिंग, एवढं लेखी देतो म्हणा. मीटिंगमध्ये चहाही तुमच्याकडून ठेवा.

प्रश्न : सदाशिव पेठेसाठी एमजी कॉमेट कशी? (सदाशिव पेठ)

उत्तर : तीन मीटरपेक्षा लहान, पेठेसाठीच बनवल्यासारखी. पण १७.३ युनिटची बॅटरी आणि डीसी फास्ट चार्जिंग नाही, म्हणजे रात्री स्वतःच्या जागेत प्लग हवाच. गाडी बोळात दुसऱ्याच्या 'नो पार्किंग' पाटीखाली लावत असाल तर नको.

प्रश्न : टेस्ला घ्यावी का? (कोरेगाव पार्क)

उत्तर : मॉडेल वाय जुलै २०२५ ला मुंबईत आली ती ५९ लाख ८९ हजारांपासून. पाचशे किलोमीटरचा आकडा आहे, तो युरोपच्या चाचणीचा, त्यात वेग १३१ पर्यंत जातो, म्हणून आपल्या आकड्यापेक्षा बराच प्रामाणिक. घेतलीत तर एक चक्कर मला द्या.

प्रश्न : वाटेत चार्ज संपला तर दोरी बांधून ओढत नेता येते का? (भोसरी)

उत्तर : नाही. चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते आणि ती वीज जाणार कुठे, इलेक्ट्रॉनिक्स जळतं. चारही चाकं वर उचलणारा फ्लॅटबेड ट्रकच बोलवा, विम्यात ही सोय आहे का ते आजच बघून ठेवा. दोरी घरी ठेवा, पावसाळ्यात कपडे वाळत घालायला होईल.